पावती मागणाऱ्याला क्षमा देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, तरुण पाळक लिहितात: "इथं येऊन तीन वर्षं झाली. कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याविषयी सारखं लिहितात. बांधकाम निधीचा हिशेब दिला नाही, कानडी कुटुंबांना डोक्यावर बसवलंय, उपदेश लांबतो, असं काहीबाही. कानडी कुटुंबं म्हणतात, आम्हाला इथं कुणी विचारत नाही. गावातली काही मुलं मला 'धर्मांतराचा एजंट' म्हणून हाक मारतात. मी गप्प राहतो, प्रार्थना करतो, क्षमा करतो. पण आतून कडू होत चाललोय. ख्रिस्ती पुढाऱ्यानं टीका करणाऱ्यांना कळवळ्यानं उत्तर द्यावं म्हणतात. म्हणजे नेमकं काय करावं?"

प्रिय बंधू, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी अडलो: 'मी गप्प राहतो, प्रार्थना करतो, क्षमा करतो.' हिशेबाचं पुढं काय झालं ते पत्रात कुठंच नाही. दिलात का हिशेब? दिला नसेल तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी वही काढा.

रागावू नका. या खड्ड्यात मी स्वतः पडून आलोय, म्हणून त्याची खोली सांगू शकतो.

सेवेच्या सहाव्या वर्षी बेळगावजवळच्या एका गावी होतो. प्रार्थनामंदिराची जुनी कौलं काढून पत्रे घातले होते. वार्षिक सभेत एक निवृत्त हवालदार उठले. मराठा रेजिमेंटमध्ये उभी हयात स्टोअरवर गेलेली, बोलणं मोजकं. म्हणाले, "पत्रे किती आणलात, किती लागले, एवढंच सांगा की ओ." साधा प्रश्न होता. पण मी तिशीतला, नुकतीच दीक्षा झालेला, त्यात चार लोकांसमोर विचारलेलं. मी म्हणालो, "ज्यांचा विश्वास डळमळलाय त्यांनी प्रार्थना करावी." लोक हसले. ते खाली बसले.

पुढच्या रविवारी मी बायबलातल्या गणनेच्या सोळाव्या अध्यायावर बोललो, मोशेविरुद्ध कोरहाचं बंड. जमीन दुभंगते आणि बंडखोरांना गिळते, तो उतारा. नाव कुणाचंच घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळी मंडळी मान वळवून तिसऱ्या बाकाकडं बघत होती. रात्री गुडघे टेकून मी त्यांना क्षमा केली, आणि अगदी शांत झोप लागली. ती शांत झोप आठवली की आजही लाज वाटते.

नऊ महिने ते चर्चला आले नाहीत. त्यांची बायको यायची, दाराजवळ बसायची आणि आशीर्वादाच्या आधी उठून जायची.

मग एके दिवशी दुसरंच काही शोधताना हार्डवेअरच्या दुकानाचं बिल हाती लागलं. बेचाळीस पत्रे. का कुणास ठाऊक, शिडी लावून वर चढलो आणि मोजले. अडतीस. उरलेले चार आमच्या खजिनदारानं पावसाळ्याच्या तोंडावर एका विधवा बाईच्या स्वयंपाकघरावर घालून दिले होते. चांगल्या मनानं, पण कुणाला न विचारता आणि कुठं न लिहिता. चोरी कुणीच केली नव्हती. पण हवालदारांनी रस्त्यावरून जाता जाता छपरावरचे पत्रे मोजले होते. ज्यानं वर्षानुवर्षं बूट, ब्लँकेट आणि काडतुसं मोजली त्याचे डोळे आपोआप मोजतात. त्यांनी कुणाला चोर म्हटलं नव्हतं. विचारलं होतं.

मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मी तुम्हाला क्षमा केली होती, आता तुम्ही मला करा." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी काय गुन्हा केलो म्हणून क्षमा केलात ओ? मी पावती मागितलो."

बंधू, त्यानंतर अठ्ठावीस वर्षं सेवा केली. टीकेविषयी यापेक्षा उपयोगाचं वाक्य मला कुणी सांगितलं नाही, सेमिनरीतही नाही. आपण पाळक लोक क्षमा फार उदार हातानं वाटतो, कारण ती वाटताना आपण आपोआप एक पायरी वर उभे राहतो. हिशेब द्यायला मात्र समोरच्याच्या पातळीवर, त्याच्याच जमिनीवर बसावं लागतं.

आता तो शब्द घेऊ, कळवळा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात लोकसमुदाय पाहून येशूला त्यांचा कळवळा आला असं आपण वाचतो. मूळ ग्रीक शब्दाचं नातं आतड्यांशी आहे. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. आतडं तुटणं, पोटात कालवणं हे आपण रोज बोलतो. आमच्या वारकरी शेजाऱ्यांच्या तोंडीही कळवळा हाच शब्द असतो, आणि तेही तो पोटावर हात ठेवूनच म्हणतात. तेव्हा कळवळा म्हणजे गोड आवाज नव्हे. 'तुम्ही काहीही म्हणा, माझं तुमच्यावर प्रेमच आहे' हे हसून म्हणणं तर अजिबात नव्हे. ते ऐकून माणूस जास्तच पेटतो, आणि त्याचं चूकही नाही. समोरच्याचं नेमकं काय दुखतंय ते शोधायचं, आणि त्या दुखण्यावर आपलं काही देणं निघत असेल तर ते चुकतं करायचं. प्रेमाची भाषा त्यानंतर.

निधीचं आधी उरका. जमा किती, खर्च किती, बिलाचा नंबर, तारीख. एक कागद, मराठीत आणि कानडीत, दोघांच्या सह्या, चर्चच्या फळ्यावर. ग्रुपवर टाकायचाच तर फळ्यावर लावल्यानंतर टाका आणि सोबत एक ओळही भाष्य लिहू नका. 'काहींच्या समाधानासाठी' असं तर मुळीच नको. त्या दोन शब्दांत सगळा हिशेब वाया जातो. यापुढं दर तिमाहीला हेच. रविवारचं अर्पण भक्ती संपल्यावर लगेच दोघांनी मोजावं, तुम्ही नाही. कपाटाची किल्लीही तुमच्याकडं नको. पाळकाच्या खिशात किल्ली असली की तो किती प्रामाणिक आहे याला काही अर्थ उरत नाही.

ग्रुपवर उत्तर देऊ नका म्हणतो ते एवढ्यासाठी की तिथं तुम्ही त्या एका माणसाशी बोलतच नसता, साठ बघ्यांसाठी बोलता. तोही तसाच बोलतो. मत्तय अठरामध्ये क्रम दिलाय: आधी एकटा जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपण तो उलटा चालवतो. आधी मंडळी, मग एकदोघं, आणि एकटं भेटायची वेळ येते तेव्हा एकमेकांचं तोंड बघवत नाही. तेव्हा घरी जा. आधी फोन करून वेळ घ्या. संध्याकाळी सातनंतर नको, त्या वेळी टीव्ही चालू असतो आणि घरातल्या बायकांची स्वयंपाकाची घाई असते. टीका करणारी बाई असेल तर पाळकीणबाईंना सोबत न्या.

आणि हो, कुंदा नेऊ नका. हसू नका, मी नेला होता, अर्धा किलो, ताजा. दारातच त्या माणसाचा चेहरा बदलला. तक्रार ऐकायला आलेल्याच्या हातात मिठाईचा डबा दिसला की ती लाच वाटते, नाहीतर अपराधाची कबुली. मोकळ्या हातानं जा. एक छोटी वही मात्र ठेवा. ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि शेवटी वाचून दाखवा: "तुमचं म्हणणं असं आहे, बरोबर लिहिलंय ना?" यात दोन गोष्टी होतात. आपलं म्हणणं कुणीतरी लिहून घेतलं म्हणून माणूस निवळतो. शिवाय आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना निम्मे लोक मधेच थांबवतात, "तेवढं खोडा, ते रागात बोललो." त्या दिवशी उत्तर द्यायचंच नाही. "चार दिवसांत येऊन सांगतो" म्हणा आणि चौथ्या दिवशी खरंच जा.

निघताना प्रार्थना करायची आपली रीत आहे. तिथं जिभेला फार जपा. 'हे प्रभू, आमच्या या बंधूच्या मनातली कटुता काढून टाक' ही प्रार्थना नाही, टोमणा आहे. देवाला मध्ये घालून मारलेला, म्हणजे त्याला उलट उत्तरही देता येत नाही. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी करा, नातवाच्या परीक्षेसाठी करा आणि उठा.

उपदेशपीठाचं वेगळं सांगायला नको. कोरहाची गोष्ट वर सांगितलीच.

उपदेश लांबतो, हे मात्र त्यांचं खरं असणार. तीन वर्षांच्या पाळकाचा लांबतोच. वीस मिनिटांवर आणा.

आता तुमच्या पत्रातली खरी गाठ. एकाच गोष्टीवर मराठी ज्येष्ठ म्हणतात तुम्ही कानडीवाल्यांना डोक्यावर बसवलंत, आणि कानडीवाले म्हणतात आम्हाला कुणी विचारत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत, आणि दोघांच्याही बोलण्यात तुमचा वाटा थोडाच आहे.

मराठी ज्येष्ठांचं वय सत्तरच्या आसपास असावं असा माझा अंदाज. म्हणजे १९५६ च्या आगेमागे जन्मलेले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं; दर १ नोव्हेंबरला त्याचा काळा दिन बघत मोठे झाले. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग आला नि गेला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, त्या तारखांकडं डोळे लावून बसले. २०१४ मध्ये गावाचं नाव पाट्यांवर बेळगावचं बेळगावी झालं. जमिनीचा उतारा कानडीत येतो, तो नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. अशा माणसाला रविवारचा दीड तास ही एकच जागा उरलेली, जिथं त्याच्या भाषेला कुणी 'इथं चालणार नाही' म्हणत नाही. तिथं तुम्ही उभं राहून दोन ओळी कानडीत सूचना दिलीत की त्याला त्या सूचनेत एस.टी. स्टँड, तलाठी कचेरी आणि शाळेचा फळा असं सगळं एकदम ऐकू येतं. तो ओरडतो तुमच्यावर, कारण तुम्ही त्याच्या आवाक्यातले आहात.

उलट बाजूची कुटुंबं बघा. बैलहोंगल-सौंदत्तीकडून बदलीवर आलेली नर्स, बस ड्रायव्हर, शिक्षक. राज्य त्यांचं, कचेरी त्यांची, आणि देवाच्या घरात मात्र पाहुणे. पोराला ताप भरला तर प्रार्थना होते ती अर्धी कळणाऱ्या भाषेत. आमच्या एका मंडळीत एक म्हातारी कानडी अव्वा मला म्हणाली होती, तुम्ही माझ्या लेकासाठी देवाशी काय बोललात ते मला कळलं नाही, 'आमेन' कशाला म्हणायचं? मी घरी येऊन जेवलो नाही.

आपल्या भागातली मंडळी पहिल्यापासून अशीच आहे, हे दोन्ही बाजूंना सांगा. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीनं बेळगावात काम सुरू केलं तेव्हाही इथं एका भाषेचं गाव नव्हतं. लष्करी कँपात तमिळ, शहरात मराठी आणि कानडी, खानापूरच्या कॅथलिक घरांत कोंकणी. कुठल्या एका भाषेच्या मालकीची मंडळी इथं कधी नव्हतीच.

यावरचा सोपा उपाय मी करून बघितलाय. प्रत्येक वाक्य दोन भाषांत. भक्ती सव्वादोन तास चालली आणि त्या दिवशी मराठी-कानडी ऐक्य पहिल्यांदा दिसलं: दोघंही सारखेच वैतागले.

मग प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय नीट वाचला. तुम्हाला तोंडपाठ असेल, तरी पुन्हा वाचा. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतं. म्हणजे भाषेचा तंटा आपल्याला पहिल्या मंडळीपासून चिकटलेला आहे. प्रेषितांनी काय केलं? 'अशी कुरकुर आत्मिक नाही' असं म्हटलं नाही. ऐक्यावर उपदेश दिला नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार होती, वाटणीची परात त्यांच्याच लोकांच्या हाती दिली. कमिटीत एखादी 'कानडी प्रतिनिधी' खुर्ची टाकून भागवलं नाही.

आम्ही त्यातलं जमेल तेवढं केलं. गरजू निधी आणि आजाऱ्यांच्या भेटींची यादी ज्या तिघांकडं होती त्यांत दोन कानडी माणसं आली. ज्याचं आजारपण त्याच्या भाषेत प्रार्थना, हा नियम झाला. आशीर्वाद आणि दफनविधीच्या प्रार्थना मी पंचेचाळिसाव्या वर्षी एका शिक्षिकेकडून कानडीत शिकलो. माझे उच्चार ऐकून पहिल्या अंत्यविधीलाही मागं कुणीतरी खुदकन हसलं, पण त्या घरानं मला त्यानंतर परकं मानलं नाही. गाणी मात्र जमली. चाल एकच असली की ज्याला ज्या भाषेत येतं त्यानं त्यात म्हणावं. पेटीवाल्याला भाषेशी देणंघेणं नसतं.

आणि यातलं काहीही जाहीर करण्याआधी मी मराठी ज्येष्ठांच्या घरी गेलो, हे विसरू नका. समजावायला नव्हे, ऐकायला. एकानं शर्ट बाजूला करून खांद्यावरची खूण दाखवली, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या लाठीची. दीड तास बोलले. मी एकदाही 'ख्रिस्तामध्ये यहूदी नाही, हेल्लेणी नाही' हे ऐक्याचं वचन काढलं नाही. ते खरंच आहे, पण त्या खांद्याला त्या क्षणी ते वचन मारून काय मिळालं असतं? ते बोलून दमले, मग स्वतःच म्हणाले, "अव्वाच्या पोराचं काय झालं? ताप उतरला का?"

सगळं गोड झालं असं समजू नका. चार घरं दुसऱ्या मंडळीत गेली. त्यातलं एक घर अजून माझ्याशी बोलत नाही. कळवळ्यानं वागलं की लोक परत येतात असा करार कुठंही झालेला नाही.

आता गावातली मुलं. इथं मी जरा कडक बोलतो, कारण आपल्यात दोन टोकं दिसतात: एक तर प्रत्येक शेऱ्याला 'छळ' म्हणायचं, नाहीतर खरी धमकीही मुकाट गिळायची.

आधी आपल्या घरात बघा. तुमच्या प्रार्थनासभेत कुणी 'औषध बंद करा, विश्वास ठेवा' म्हणतं का? गावच्या देवीविषयी कुणी वेडंवाकडं बोलतं का? साक्ष देताना आधीच्या धर्माची टिंगल होते का? होत असेल तर मुलांची भाषा घाणेरडी असली तरी मुद्दा खरा आहे, आणि तो आधी आपण दुरुस्त करायचा. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावात, सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत. तेव्हाचं वातावरण तुम्हाला आठवत असेल. कायद्याची आजची स्थिती वकिलाकडून लेखी घेऊन फाइलला लावा. संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं पंचविसावं कलम तोंडावर फेकणाऱ्या आपल्या तरुणांना हेही सांगा की १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रचाराचा हक्क मान्य केला, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मान्य केला नाही. टीका करणाऱ्याकडं असलेला कागद आपण आधी वाचलेला असावा.

सभेच्या दारात जमाव आलाच तर बायका-पोरं आत, बोलायला एकच वडीलधारा माणूस, लाइव्ह व्हिडिओ कुणी करायचा नाही, आणि ११२ ला फोन. तक्रार नोंदवणं अख्रिस्ती नाही. पौलानं फटके खाण्याआधी रोमी नागरिकत्व काढून दाखवलं होतं. प्रभूला थोबाडीत मारली तेव्हा त्यानंही विचारलं: मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? कळवळा आणि ताठ कणा एकाच माणसात मावतात.

पण फाटकाशी उभा राहून ओरडणारा प्रत्येक जण 'जमाव' नसतो. रोपलावणीच्या दिवसांत एक शेतकरी माझ्या दारात आला, पाय चिखलानं माखलेले, शिव्या देत. त्याचा एकुलता एक पोरगा चोरून आमच्या प्रार्थनेला यायचा. बराच वेळ तो ओरडला आणि मग आवाज एकदम खाली आला: "मी मेल्यावर मला पाणी कोण पाजणार?" यावर कुठलं वचन सांगायचं? मी पोराला बोलावून सांगितलं, आधी घरी जा, रोपलावण पुरी कर, आणि जे काही आहे ते बापाला तोंडानं सांग. चोरून येणाऱ्याचा बाप्तिस्मा मी करणार नाही. आमच्याच काही लोकांनी मला भित्रा म्हटलं. पोरगा दोन वर्षं थांबला. त्या बापानं मला माफ केलं असं वाटत नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, बस्स.

आपण बाबा पदमनजींचं नाव अभिमानानं घेतो. १८३१ साली बेळगावात जन्म, १८५४ मध्ये इथंच बाप्तिस्मा, १८५७ मध्ये मराठीतली पहिली कादंबरी. त्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांच्या कासार घरात काय वाटलं असेल, हे आपण मनातसुद्धा आणत नाही. ते मनात आणलं की फाटकाशी आलेल्या बापाला 'विरोधक' म्हणताना जीभ अडखळते. पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढलं तेव्हा ते धर्मनिरपेक्ष राहील असा शब्द होता. पुढं पुण्यात मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपल्या घरात त्यांची गोष्ट शूर बाई आणि कर्मठ पुणे अशी सांगितली जाते. रमाबाई शूर होत्याच, प्रश्न नाही. पण रानडे कर्मठ नव्हते. दिलेल्या शब्दाचं काय झालं, एवढंच विचारत होते. म्हणजे पुन्हा पावतीच.

एक अपवाद, थोडक्यात. तक्रार एखाद्या मुलाच्या किंवा बाईच्या अंगाला हात लावल्याची असेल तर इथं सांगितलेलं काहीही लागू नाही. घरी जाऊन समजूत काढायची नाही, कमिटीत 'प्रेमानं मिटवायचं' नाही. मूल असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी कळवा. आरोप तुमच्यावर असेल तर त्याच दिवशी पदावरून बाजूला व्हा आणि चौकशी बाहेरच्यांना करू द्या.

राहिला तुमच्या आतला कडवटपणा. तुम्ही दावीद आणि शिमीचा दाखला शोधला असणारच, सगळे पाळक शोधतात. दावीद राजा जीव घेऊन पळतोय, शिमी दगड मारत शिव्या देतोय, त्याचा सरदार अबीशय म्हणतो डोकं उडवू का, आणि दावीद म्हणतो, देऊ दे शिव्या, परमेश्वरानंच त्याला सांगितलं असेल. यावर मी किमान दहा उपदेश दिलेत. पण आपण सगळे तिथंच थांबतो. पुढं पहिल्या राजांच्या दुसऱ्या अध्यायात दावीद मरणशय्येवर आहे आणि शलमोनाला सांगतोय: तो शिमी आठवतो ना, त्याला मी मारणार नाही अशी शपथ घेतली होती, तू शहाणा आहेस, त्याचं काय करायचं ते तुला कळेल. इतकी वर्षं वहीत नोंद तशीच होती! ज्यानं सगळ्यांसमोर क्षमा केली, त्यानं जाताना यादी मुलाच्या हाती दिली.

म्हणून म्हणतो, कडवट वाटतंय हे दाबू नका. तालुक्याबाहेरचा, तुमच्या मंडळीत कुणालाही न ओळखणारा एक माणूस गाठा, त्याच्यापाशी महिन्यातून एकदा मनसोक्त कुरकुरा. पाळकीणबाईंवर सगळं ओतू नका. ती टीका त्यांनी आधीच नळावर, बाजारात, स्त्री-मंडळात ऐकलेली असते, आणि त्यांना परत उत्तरही देता येत नाही.

माझी शेवटची बदली पुन्हा त्याच पत्र्यांच्या मंडळीत झाली आणि तिथूनच निवृत्त झालो. चार्ज देताना नवा पाळक चहा पीत पीत हळूच म्हणाला, "साहेब, सांभाळून राहायचं अशी घरं कोणती, तेवढं सांगून ठेवा." आपल्यात हे चालतंच. माझ्या जिभेवर पाच नावं आली, प्रसंगांसकट, तारखांसकट. इतकी तयार यादी आपल्याकडं आहे हे मलाही तेव्हाच कळलं. मी चहा संपवला, त्याला उठवलं आणि हवालदारांच्या घरी घेऊन गेलो. ऐंशी ओलांडलेली, ऐकायला कमी येतं. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, चष्मा पुसून लावला, नव्या पाळकाकडं एकदा बघितलं आणि मला विचारलं, "बँकेत शिल्लक किती ठेवून चाललात?"

मी आकडा सांगितला.

"पावत्या?"

पिशवीत होत्या. काढून त्यांच्या हातात दिल्या.